मस्टँगची चाकपोकळी आणि करेक्शन सेटचा हिशेब

प्रश्न असा आहे: तामिया या जपानी कंपनीचं १/४८ प्रमाणातलं पी-५१डी मस्टँगचं (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान) प्लास्टिक मॉडेलचं किट हाताशी आहे. त्यातली चाकांची पोकळी, म्हणजे व्हील वेल, खऱ्या विमानासारखी नाही असं वाचनात आलं. ती सुधारणारा रेझिनचा, म्हणजे ओतीव प्लास्टिकचा, बदली भागांचा सेट (करेक्शन सेट) शोधायला गेल्यावर रेझिनचं कॉकपिट, चाकं, एक्झॉस्ट, प्रोपेलर, चाकांचे धातूचे पाय आणि पितळी फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेले भाग) हेही यादीत येऊन बसले. बेरीज किटच्या किमतीच्या वर गेली. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून येतील. चाकं घ्या. किटच्या एक्झॉस्टची तोंडं कोरून समाधान होत नसेल तर एक्झॉस्ट घ्या. व्हील वेलचा सेट घेऊ नका. तुमच्या यादीतल्या भागांपैकी किटची खरी चूक त्या पोकळीतच आहे, पण ती प्लास्टिकच्या पातळ पत्र्याने घरीच दुरुस्त होते. कॉकपिटचा पूर्ण टब, म्हणजे आतला अख्खा ओतीव साचा, नको; सीट आणि पट्टे पुरेत. धातूचे पाय नकोत. प्रोपेलरचं उत्तर तुम्ही नेमकं कुठलं विमान करताय त्यावर अवलंबून आहे.

करेक्शन सेटच्या चर्चेत ‘किट चुकीचं आहे’ एवढंच सांगितलं जातं. चूक कुठल्या जातीची आहे हे कुणी विचारत नाही, आणि सगळा निर्णय तर त्यावरच ठरतो. काही वेळा अख्खं मॉडेलच लहान किंवा मोठं असतं. एडुआर्ड या कंपनीने २०१४ मध्ये १/४८ मध्ये बीएफ १०९ जी-६ हे जर्मन लढाऊ विमान काढलं. लोकांनी व्हर्नियर (बारीक माप घेणारं कॅलिपर) लावला, आणि ते सांगितलेल्या प्रमाणापेक्षा मोठं निघालं. अशा चुकीला सुटा भाग लागू पडत नाही. नाक बदललं तर धड मोठं, धड बदललं तर पंख मोठे. शेवटी कंपनीनेच २०१६ मध्ये नव्या साच्यांचं किट आणलं. जुनं किट शेल्फवर एकटं ठेवलं तर ते मोठं आहे हे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीचं १०९ उभं केलं की येतं.

आकाराची चूक याच्या उलट असते. ती एकट्या मॉडेलवरही दिसते. स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मधली टोपी, जाड आहे, नाकाखालची रेषा फार सपाट गेली आहे, कॅनोपी (कॉकपिटवरची काच) बसकी आहे, शेपटीच्या पंखाचं टोक गोल हवं तिथे चौकोनी आहे. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण विमान ओळखीचं वाटत नाही. करेक्शन सेटवर पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत, कारण दोन्ही दिशांनी वळणारा पृष्ठभाग घरी पुट्टीने घडवणं आणि डाव्या-उजव्या बाजू सारख्या ठेवणं फार कष्टाचं आहे.

तिसरी जात तपशिलाची. व्हील वेलच्या आतल्या फासळ्या, कॉकपिटमधले डबे, रेडिएटरच्या जाळ्या. इथे चूक सिद्ध करणं सोपं असतं, फोटो दाखवला की झालं. म्हणून बाजारातले बहुतेक सेट याच जातीचे असतात. चूक खरी असते, तिच्याबद्दल वाद नसतो, फक्त मॉडेल शेल्फवर उभं राहिल्यावर ती दिसत नाही.

कुठलाही सेट घेण्याआधी चूक स्वतः मोजा. पी-५१डीची लांबी ९.८३ मीटर आणि पंखांची रुंदी ११.२८ मीटर. १/४८ मध्ये त्याचे साधारण २०५ आणि २३५ मिलीमीटर होतात. हॅमिल्टन स्टँडर्डच्या रुंद पात्यांच्या प्रोपेलरचा व्यास ११ फूट २ इंच, म्हणजे मॉडेलवर ७१ मिलीमीटरला किंचित कमी. मुख्य चाकाचा टायर २७ इंची, मॉडेलवर सव्वाचौदा-साडेचौदा मिलीमीटर. हे आकडे कागदावर लिहा आणि किटचे भाग साच्यातून आलेल्या प्लास्टिक फ्रेमवर असतानाच व्हर्नियर लावा. एकूण लांबी मिलीमीटरभर कमी भरली तर विसरून जा. खऱ्या विमानावर ते अठ्ठेचाळीस मिलीमीटर होतात आणि टक्केवारीत अर्ध्याच्या आत बसतात. इतका फरक डोळा पकडत नाही. पण हा मिलीमीटर नेमका कुठे कमी झाला ते बघा. सगळा स्पिनर आणि विंडस्क्रीनच्या मधल्या भागात गेला असेल तर नाक आखूड दिसेल, आणि मस्टँगसारख्या लांब नाकाच्या विमानात ते खटकतं. तोच मिलीमीटर कॉकपिटमागे कुठेतरी विरून गेला असेल तर कुणाला पत्ता लागणार नाही.

ड्रॉइंगवर मॉडेल ठेवून चूक काढणाऱ्यांपासून जरा सांभाळून. विमान तीन बाजूंनी दाखवणारी छापील थ्री-व्ह्यू ड्रॉइंग बऱ्याचदा जुन्या ड्रॉइंगवरून उतरवलेली असतात, छपाईत आणि फोटोकॉपीत ती लांबीला एक आणि रुंदीला दुसऱ्याच प्रमाणात ताणली जातात. ड्रॉइंग वापरायचंच असेल तर आधी त्यावरची पंखांची रुंदी आणि लांबी दोन्ही मोजा आणि खऱ्या मापांशी ताडून पाहा. दोन्हींचं गुणोत्तर जुळत नसेल तर त्या कागदावरून किटला नावं ठेवू नका.

याहून उपयोगी परीक्षा फोटोची आहे. धडाचे दोन्ही अर्धे आणि पंख मास्किंग टेपने तात्पुरते जोडा, स्पिनर लावा, कॅनोपी टेकवून ठेवा. खऱ्या विमानाचा बाजूने घेतलेला चांगला फोटो शोधा, शक्यतो लांबून आणि टेलिफोटो लेन्सने काढलेला. मग मॉडेल त्याच कोनात उभं करून फोनने फोटो घ्या, पण जवळ जाऊन नव्हे. चार पावलं मागे सरून झूम करा. फोनची नेहमीची लेन्स जवळून नाक फुगवते आणि शेपूट बारीक करते. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की जे खटकेल ती तुमच्यासाठी दुरुस्त करण्याजोगी चूक. काही खटकलं नाही तर पैसे वाचले. इतरांनी सांगितल्यावरच दिसायला लागलेल्या चुकांबद्दल मी थोडा कठोर आहे: त्या एकदा दिसल्या की दिसतच राहतात हे खरं, पण त्यामुळे त्या मोठ्या होत नाहीत.

आता तुमची व्हील वेल. खऱ्या मस्टँगमध्ये या पोकळीची मागची भिंत म्हणजे पंखाचा मुख्य स्पार, पंखाच्या आतली आडवी तुळई. तो एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ जातो. पोकळी आत शिरल्यावर पंखाच्या पत्र्याखाली मागे पसरलेली असते आणि खालच्या पत्र्यात कापलेलं तोंड तिच्यापेक्षा लहान असतं. तामियाच्या १/४८ किटमध्ये मागची भिंत तोंडाच्या कडेला समांतर, वळणं घेत जाते. इतरही काही जुन्या मस्टँग किटमध्ये हीच गफलत आहे. म्हणजे चूक खरी आहे आणि एकदा माहीत झाली की मॉडेल उलटं धरल्यावर लगेच दिसते.

रेझिनचा सेट बसवायचा तर काय करावं लागतं ते बघा. किटमधली पोकळीची भिंत आणि फासळ्या ग्राइंडरने काढायच्या. मग खालचा आणि वरचा पंख आतून घासून पातळ करायचा, वरचा तर इतका की दिव्यासमोर धरला की उजेड आरपार दिसावा, कारण रेझिनच्या तुकड्याला स्वतःची जाडी असते आणि १/४८ मध्ये पंखाच्या पोटात जागा फारशी नसते. जरा कमी घासलं तर वरचा पंख रेझिनवर टेकून वर उचलला जातो. मागची कड नीट मिटत नाही, ती मिटवण्यासाठी दाबून चिकटवलं की पंखांचा वर उचललेला कोन बदलतो, आणि मुळाशी धडाला भिडतो तिथे फट पडते. ती फट पुट्टीने भरली की तिथल्या पॅनेल लाइन पुन्हा कोराव्या लागतात. जास्त घासलं तर प्लास्टिक मऊ होऊन पंखाच्या वरच्या बाजूला, मॉडेल उभं असताना सगळ्यात जास्त दिसणाऱ्या जागी, लाट उमटते. विमान उलटं केल्याशिवाय न दिसणारी चूक काढण्यासाठी वरून सतत दिसणारी चूक ओढवून घेण्याचा हा धोका आहे. किटची चूक जाते आणि तिच्या जागी आपल्या हाताची येते. करेक्शन सेटबद्दल विचार करताना मी सगळ्यात आधी हीच अदलाबदल तोलतो.

त्याऐवजी हे करा. फक्त मागची वळणदार भिंत काढा, फासळ्या उमटवलेलं छत राहू द्या. पाव मिलीमीटर जाडीच्या प्लास्टिक पत्र्याची एक सरळ पट्टी कापा. उंची एका टोकाला जास्त आणि पंखाच्या टोकाकडे कमी, कारण पंख तिकडे निमुळता होतो. आधी कागदाची पट्टी कापून बसवून बघितली तर प्लास्टिक वाया जात नाही. ही पट्टी स्पारच्या जागी उभी चिकटवा. भिंत मागे सरकल्यामुळे छतात जो रिकामा पट्टा उरतो तिथे अर्ध्या मिलीमीटरच्या पट्ट्यांच्या फासळ्या द्या. एक-दोन तारा लावायच्या असतील तर शिशाच्या किंवा तांब्याच्या बारीक तारेच्या लावा. सगळं प्लास्टिक असल्यामुळे नेहमीच्या सिमेंटने चिकटतं, पंखाची जाडी बदलत नाही, आणि चुकलं तर काढून दुसरी पट्टी लावता येते. रेझिनच्या सेटइतकं बारीक काम यात होणार नाही. पण खटकणारी गोष्ट वाकडी भिंत होती, आणि ती सरळ झाली.

मस्टँगची आतली चाकदारं जमिनीवर बऱ्याचदा खाली लोंबलेली दिसतात, कारण इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब उतरतो. फोटोंमध्ये ती मिटलेली असलेली विमानंही आहेत. तुमच्या विमानाचा तसा फोटो मिळाला तर दारं बंद करून टाका, व्हील वेलचा प्रश्नच बराचसा मिटतो.

सेट कुठलाही असो, त्याचा सांधा कुठे पडतो ते पहिल्यांदा बघायचं. नाकाचा करेक्शन सेट फायरवॉलपाशी (इंजिनामागची भिंत), जिथे खऱ्या विमानात इंजिनावरचं आवरण, म्हणजे काउलिंग, संपतं आणि पॅनेल लाइन असतेच, तिथे जुळणार असेल तर काम सोपं. कापायचं, घासायचं, चिकटवायचं, आणि उरलेली रेष तिथे असायलाच हवी होती. सांधा गुळगुळीत धडाच्या मधोमध पडणार असेल तर मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो: किटच्या धडाचा आडवा छेद आणि रेझिनच्या तुकड्याचा आडवा छेद त्या जागी सारखे आहेत का? सेट बनवणाऱ्याने नाकाचा छेद बरोबर केला पण किटचं धड त्याच जागी थोडं अरुंद आहे, तर चारी बाजूंनी पायरी येणार. ती पुट्टीने उतरवत उतरवत तुम्ही विंडस्क्रीनपर्यंत पोचाल. मग विंडस्क्रीन नीट बसणार नाही, मग वेगळी कॅनोपी शोधा. एक सेट दुसऱ्याला बोलावतो तो असा. पूर्ण बदली भाग, म्हणजे किटचा तुकडा टाकून त्याच जागी दुसरा लावायचा, हे नेहमी कलम करण्यापेक्षा परवडतं. स्पिनर, प्रोपेलर, चाकं, एक्झॉस्ट, सुकाणूचा पंख, तोफांच्या नळ्या हे सगळं या वर्गात येतं.

चाकांची शिफारस मी डोळे मिटून करतो ती याचमुळे. किटचं चाक दोन अर्ध्यांचं असतं, मध्ये शिवण येते, ती घासली की टायरवरची नक्षी जाते. रेझिनच्या चाकात नक्षी शाबूत असते, टायर आणि रिम वेगळे रंगवायला ठळक कड मिळते, आणि बसवायला फक्त एका भोकाचं माप लागतं. वजनाने चपटलेले टायर घेताना एवढंच बघा की चपटेपणा माफक आहे. काही सेटमध्ये टायर पंक्चर झाल्यासारखे फुगलेले असतात, आणि ते किटच्या गोल चाकापेक्षा वाईट दिसतात.

कॉकपिटचं गणित वेगळं. किटच्या धडाची भिंत साधारण एक मिलीमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटीमीटर. रेझिनचा टब खऱ्या रुंदीच्या जवळ जाणारा केला असेल तर तो मावायला भिंत आतून पातळ करावीच लागते, आणि तिथे पुन्हा व्हील वेलसारखीच गोष्ट. मस्टँगच्या बबल कॅनोपीतून आतलं बरंच दिसतं हे कबूल. पण दिसतं म्हणजे काय दिसतं? सीट, तिचे पट्टे, डोक्यामागची आर्मर प्लेट, नेम धरायचं गनसाइट, मागचा रेडिओ आणि इंधनटाकीचा भाग. बाजूच्या भिंतींवरचे स्विच आणि पायाखालचे पेडल शोधायला टॉर्च लागतो. म्हणून एक चांगली सीट आणि पट्टे घ्या, बाकी किटचं नीट रंगवा. सीट घेताना एक बघा: पी-५१डीमध्ये दोन वेगवेगळ्या बनावटीच्या सीट होत्या, आणि गनसाइटही जुनं एन-९ किंवा नंतरचं के-१४ असू शकतं. १९४४ च्या उन्हाळ्यातलं विमान करताना सेटमध्ये आलं म्हणून के-१४ बसवलं, तर पैसे देऊन चूक विकत घेतल्यासारखं होईल.

हल्ली कॉकपिटसाठी थ्रीडी छपाईचे रंगीत डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रं, मिळतात, किटच्या पॅनेलवरचा उठाव घासून त्यावर लावायचे. माझ्या मते पैशाच्या मानाने त्यांचा परिणाम रेझिन टबपेक्षा जास्त आहे, कारण डायल आणि स्विच एवढ्या बारीक रंगवणं बहुतेकांना जमत नाही, आणि जागेची भांडणंही होत नाहीत. फक्त त्यांची जाडी विसरू नका. पॅनेल घासलं नाही तर धडाचे अर्धे मिटताना अडतात.

फोटो-एचचा नियम साधा आहे. खरी वस्तू चपटी आणि पातळ असेल तर पितळी पत्रा उत्तम: रेडिएटरची जाळी, पट्ट्यांची बक्कल, चपट्या अँटेना. खरी वस्तू गोल असेल तर पत्र्याची काडी चूकच. हॅंडल, लिव्हर, ब्रेकच्या नळ्या पत्र्यातून कापलेल्या असल्या की समोरून बऱ्या दिसतात आणि बाजूने वळल्या की नाहीशा होतात. त्या जागी तार लावा.

धातूचे पाय घेऊ नका म्हणालो, कारण व्हाइट मेटलचे बरेच सेट किटच्याच प्लास्टिक पायांवरून साचा काढून ओतलेले असतात. अचूकता तीच राहते, शिवाय व्हाइट मेटल मऊ असतो आणि काही महिन्यांनी वाकलेला दिसू शकतो. ते उपयोगी पडतात जड मॉडेलला, म्हणजे पी-३८ किंवा बी-२५ सारख्या पुढे चाक असलेल्या विमानांना, ज्यांचं नाक वजन घालून खाली ठेवावं लागतं. अशा विमानांत आणखी एक हिशेब असतो: मुख्य चाकांच्या मागे रेझिनचे भाग घातले की शेपूट जड होते आणि नाकात आणखी वजन लागतं. मस्टँगला शेपटीखाली चाक असल्यामुळे तुम्ही यातून सुटलात.

प्रोपेलर घ्यायचा का? हॅमिल्टन स्टँडर्डची पाती मुळाशी रुंद कफ असलेली होती आणि बिनकफाचीही होती. पी-५१के मध्ये एरोप्रॉडक्ट्सचा प्रोपेलर होता. तुम्ही निवडलेल्या विमानाचा फोटो बघा आणि किटमध्ये त्याला लागणारा प्रोपेलर नसेल तरच घ्या. हाच नियम शेपटीपुढच्या पाठीवरच्या फिनलाही लागू: सुरुवातीच्या पी-५१डी-५ विमानांवर तो नव्हता. विमान आधी ठरवायचं, सेट नंतर. उलट्या क्रमाने काय होतं याचं उदाहरण स्पिटफायर या ब्रिटिश विमानाचे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या झडपा. उघड्या फ्लॅपचे फोटो-एच सेट सुंदर असतात, आतल्या फासळ्या बघत राहाव्यात अशा. पण जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप जवळजवळ नेहमी बंद असत. सेट अचूक आणि मॉडेल अवास्तव, अशी गत होते.

मस्टँगच्या बाबतीत सगळ्यात मोठी दिसणारी चूक ना व्हील वेलची आहे ना कॉकपिटची. ती पंखांच्या पृष्ठभागाची आहे, आणि तिच्यासाठी सेट विकत मिळत नाही. मस्टँगच्या पंखाचा छेद लॅमिनार फ्लोचा होता, हवा पृष्ठभागावरून भोवरे न होता थराथराने वाहावी असा. त्यासाठी कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातल्या पत्र्यांच्या फटी आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वर रंग दिला जात असे. धड उघड्या धातूचं असलं तरी पंखांवर चंदेरी रंग होता. मॉडेलवर मात्र पंखभर खोल पॅनेल लाइन आणि रिव्हेटच्या रांगा, आणि धडासारखाच चकचकीत धातू. १/४८ मध्ये ०.२ मिलीमीटरची रेष म्हणजे खऱ्या पंखावर जवळजवळ एक सेंटीमीटरची भेग. या रेषा पातळ पुट्टीने किंवा जाड प्राइमरने भरा. बंदुकांच्या आणि दारूगोळ्याच्या झाकणांच्या तेवढ्या ठेवा. पंखाला धडापेक्षा वेगळा, मंद चंदेरी रंग द्या. हजार रिव्हेट उमटवलेल्या मस्टँगशेजारी हे मॉडेल ठेवलं तर फरक खोलीच्या दारातूनही कळेल, आणि खर्च पुट्टीच्या चमचाभराचा.

याच जातीची आणखी फुकटची कामं आहेत. पंखाची मागची कड आतून घासून पातळ करणं, बंदुकांची तोंडं पोकळ करणं, दोन्ही पंखांचा कोन समोरून बघून सारखा ठेवणं, चाकांचे पाय योग्य कलाने उभे करणं. आयपीएमएस या मॉडेलकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्येही परीक्षक आधी शिवणी, फटी आणि सरळपणा बघतात; महागडा करेक्शन सेट वाकड्या पंखाला वाचवत नाही.

सेट घ्यायचा ठरलाच तर दोन-चार गोष्टी. बॉक्सवर कुठल्या कंपनीच्या किटसाठी आहे ते वाचा. तामियासाठी केलेला भाग हासेगावा या दुसऱ्या कंपनीच्या किटला बसेल असं गृहीत धरू नका. स्वस्त नकली कास्टिंग टाळा: मूळ रेझिनच्या भागावरून पुन्हा साचा काढून ओतलेला भाग आक्रसून थोडा लहान होतो, आणि करेक्शन सेटमध्ये तर मापच विकत घेतोय. हाती आल्यावर त्यावरही व्हर्नियर लावा, सेट बनवणारेही त्याच ताणलेल्या ड्रॉइंगवरून काम करू शकतात. साबणाच्या पाण्याने धुऊन साच्याचं तेलकट आवरण काढा, नाहीतर रंग सुटतो. वाकलेला तुकडा गरम पाण्यात धरून सरळ होतो. प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला चिकटत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागते. नाकासारख्या जागी, जिथे सरळ बसवायला वेळ हवा, तिथे इपॉक्सी. सुपरग्लूने भरलेली फट त्याच दिवशी घासा, दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकपेक्षा कडक झालेली असते आणि शेजारचं प्लास्टिकच खाली जातं. ओतणीचा जाड ठोकळा कापताना आणि रेझिन घासताना मास्क लावा आणि पाण्याबरोबर घासा. ही धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

राहिला बेरजेचा प्रश्न. तुमच्या यादीची बेरीज किटच्या वर गेली आहे, तर त्याच पैशांत दुसरं किट येतं का ते आधी बघा. एडुआर्डचं १/४८ पी-५१डी २०१९ पासून आहे आणि त्यात व्हील वेलचा स्पार सरळ आहे. स्पिटफायरवाल्यांचंही असंच झालं: तामियाच्या १९९३ च्या मार्क १ च्या आकाराबद्दल वर्षानुवर्षं चर्चा चालली आणि २०१८ मध्ये तामियानेच नवं किट काढलं. पण नव्या किटमध्ये भाग जास्त, जुळवणीला वेळ जास्त. तामियाचं जुनं मस्टँग पुट्टीशिवाय जवळपास स्वतःहून जुळतं, आणि तुम्ही ते त्या सुखासाठी घेतलं असेल तर ठेवाच. चाकं मागवा, स्पारची पट्टी कापा, पंख भरून चंदेरी करा. अचूकतेसाठीच घेतलं असेल तर ते बॉक्स न फोडता कुणाला तरी देऊन टाका आणि नवं घ्या. अर्धवट कापलेलं किट नंतर कुणी घेत नाही.